पोटखराबा

आमच्या सोसायटीत सध्या एक साथ आहे. ताप नाही, खोकला नाही. माणूस रविवारी सकाळी चांदणी चौक ओलांडून ताम्हिणीच्या दिशेला जातो आणि संध्याकाळी "चार गुंठे बघून आलोय" असं बडबडतच परत येतो. मला ती गेल्या जुलैत लागली. जुलैत मुळशीतला कातळसुद्धा हिरवागार असतो. जमीन एप्रिलात बघावी, हे शहाणपण मला एप्रिलात सुचलं.

एजंटनं गाडी थांबवली. समोर धरणाचं पाणी. "लेक व्ह्यू आहे सर, म्हणून भाव थोडा वर." टाटांच्या याच धरणात जमिनी बुडणार म्हणून 1921 मध्ये इथल्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला होता. पांडुरंग महादेव बापटांना लोक 'सेनापती' म्हणू लागले ते त्यातूनच. शंभर वर्षांनी त्याच पाण्याचा गुंठ्यामागे जादा आकार! सेनापतींना हे कुणी सांगू नये.

गुंठा म्हणजे 33 फूट लांब, 33 फूट रुंद. 1089 चौरस फूट. आमचा फ्लॅट जवळपास एवढाच आहे, पण त्याला बायको 'खुराडं' म्हणते आणि याला 'इस्टेट'.

"सर, शेतकरी आहात ना?" एजंटनं विचारलं. 1948 च्या कूळकायद्याच्या कलम 63 प्रमाणे बिगरशेतकऱ्याला कलेक्टरच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. शेतीतून सुटका व्हावी म्हणून आजोबांनी वडिलांना शिकवलं, वडिलांनी मला कॉम्प्युटरला घातलं. दोन पिढ्यांच्या घामाचं फळ म्हणजे मी, आणि नेमका मीच अपात्र!

मग गावाकडच्या चुलत्यांना फोन लावला. बारा वर्षांनी.

"आबा, मी पुण्याहून बोलतोय. तब्येत कशी आहे?"

"सातबाऱ्याला वारस म्हणून नाव लावायचंय ना? तुझ्या आधी तिघांनी तब्येत विचारली."

पुढची अडचण तुकडेबंदीची. शेताचे लहान लहान तुकडे पडू नयेत म्हणून 1947 साली कायदा झाला, त्यामुळे माझ्या चार गुंठ्यांचं स्वतंत्र खरेदीखत होईना. एजंटकडे तोडगा तयार होता. मोठा तुकडा सात जणांनी मिळून घ्यायचा, सातबारा सामाईक, आत तारेचं कुंपण ज्याचं त्याचं. सख्ख्या भावाशी पार्किंगवरून बोलणं टाकलेला मी, आता सहा अनोळखी माणसांबरोबर एका उताऱ्यावर नांदणार! एकत्र कुटुंबपद्धती कुठे गेली म्हणून उगाच हळहळतात लोक. ती मुळशीत आहे, तारेच्या कुंपणात.

उतारा हातात आला. 'इतर हक्क' या रकान्यात गावच्या सोसायटीच्या कर्जाचा बोजा होता आणि दोन बहिणींची नावं होती. एजंट म्हणाला, "त्या काही बोलत नाहीत." ज्या बहिणी बोलत नाहीत त्यांचे वकील फार बोलतात, हे आमच्या मजल्यावरच्या जोश्यांना विचारा. अजून खाली वाचलं. ज्या उंचवट्यावरून ते पाणी दिसत होतं, तो बहुतेक सगळा पोटखराबा. म्हणजे जिथं काही पिकत नाही, ते. शेतकऱ्याच्या चार पिढ्या ज्या जमिनीला नावं ठेवत आल्या, तिचाच भाव सगळ्यात चढा, आणि भाताचं खाचर स्वस्तात, कारण तिथून 'व्ह्यू' नाही.

'मुळशी पॅटर्न' आम्ही 2018 मध्ये थिएटरात पाहिला होता. जमीन विकून देशोधडीला लागलेल्या घराची गोष्ट. गलबलून आलं होतं. इंटरव्हलमध्ये शेजाऱ्यानं तिकडचा भाव काय चाललाय ते विचारलं होतं.

निघताना बांधावर एक म्हातारबाबा बसलेले दिसले. एजंट म्हणाला, "मूळ मालक हेच. राखणीला राहतील, पगाराचं तेवढं बघा." बाबांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"काय लावनार हितं?"

"लॉन," मी म्हणालो. मग समजावून सांगितलं, "म्हणजे गवत. मऊ, हिरवं गवत."

"गवत?" ते एजंटकडे बघून म्हणाले, "जल्मभर भातातनं तेच तर बेणलं." मग माझ्याकडे वळले. "पानी रोज घालायचं का एक दिसाआड?"