शिट्टी नावाचं एकक

दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात उष्णता मोजायला कॅलरी दिली आहे, ज्यूल दिला आहे. शिट्टी दिलेली नाही. हा पुस्तकाचा दोष आहे असं आमच्या सासूबाईंचं मत आहे, आणि आमच्या घरात त्यांच्या मतापुढे पाठ्यपुस्तकाचं काही चालत नाही. वरणाला तीन, बटाट्याला दोन, छोल्यांना सात. राजमा असेल तर, "तू मोजू नकोस, मी सांगेन तेव्हा बंद कर."

मी शाळेत हेच प्रकरण शिकवते. वर्गातली पोरं माझं ऐकतात, निदान ऐकल्यासारखं तरी करतात. ओट्यापाशी माझी तेवढीही पत नाही.

बरं, ही शिट्टी मोजणं म्हणजे घरादाराचं काम. मध्येच कुणाचा तरी फोन येतो आणि मग साक्षीपुरावे सुरू होतात. "किती झाल्या रे?" नवरा म्हणतो दोन. चिरंजीवांच्या कानात बोळे, त्यांच्या हिशेबी एकही नाही. सासूबाई म्हणतात तीन, आणि त्यातली एक वरच्या मजल्यावरच्या कुकरची निघते. शेजाऱ्यांची शिट्टी आमच्या खात्यात जमा! त्या दिवशी वरणातली डाळ दाताखाली येते आणि दोष डाळवाल्याला जातो.

खरं तर डाळीला शिट्ट्यांशी काही देणंघेणं नाही. तिला हवं तापमान आणि वेळ. आमच्या पुण्यात उघड्या पातेल्यातलं पाणी 98 अंशांच्या आसपास उकळतं; साडेतीन हजार मीटर उंचीवरच्या लेहमध्ये 88 च्या आसपासच. एकदा उकळी फुटली की खाली होळी पेटवा, पारा तसूभर हलायचा नाही. सगळी उष्णता वाफ करण्यात खर्ची पडते, एका ग्रॅमला 540 कॅलरी. हाच तो अप्रकट उष्मा, ज्याची व्याख्या पोरं परीक्षेत घडाघडा लिहितात आणि घरी मॅगीला उकळी आल्यावरही गॅस मोठाच ठेवतात.

कुकरमध्ये वाफ कोंडली जाते. आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलोने वाढला, की तेच पाणी 120 अंशांच्या घरात जाऊनच उकळतं. त्यापुढे जाऊ नये म्हणून वर शिट्टीचं वजन. जादा वाफ ते वजन उचलते, फुस्स करून बाहेर पडते, वजन पुन्हा बसतं. म्हणजे शिट्टी बिचारी "पुरे, पुरे" म्हणत असते आणि आपण गॅस तसाच ठेवून तिचे पुरे मोजत बसतो.

हे सगळं मी एका रविवारी सासूबाईंना नीट समजावून सांगितलं. दाब, उत्कलनांक, काही सोडलं नाही. त्यांनी भाजी निवडता निवडता शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाल्या, "ते सगळं खरं गं, पण शिट्ट्या किती करायच्या ते सांग ना."

या भांड्याचा मूळपुरुष देनी पापँ हा फ्रेंच गृहस्थ. लंडनला रॉबर्ट बॉइलच्या हाताखाली काम केलेला. वायूचा दाब आणि आकारमान यांच्या नियमाचा तोच बॉइल. पापँने 1679 साली आपलं वाफेचं भांडं रॉयल सोसायटीपुढे मांडलं आणि 1682 मध्ये सभासदांना त्यात शिजवलेलं जेवण घातलं. टणक हाडंसुद्धा मऊ झाली होती म्हणे. भांडं फुटू नये म्हणून झडपेवर वजन ठेवायची युक्तीही त्याचीच. त्या पंगतीत कुणी शिट्ट्या मोजल्याची नोंद माझ्या तरी वाचनात नाही.

एका बाबतीत मात्र सासूबाईंना पैकीच्या पैकी गुण. झाकणाच्या नळीतून वाफेचा जोरदार झोत आल्याशिवाय त्या शिट्टी लावू देत नाहीत. मी घाईने लावायला गेले की हातावर चापट बसते. शास्त्र त्यांच्या बाजूचं आहे: आतली हवा आधी हाकलली नाही, तर दाबातला काही वाटा ती हवाच उचलते आणि तेवढ्याच दाबाला तापमान कमी भरतं. डाल्टनने वायूंच्या या वाटणीचा नियम एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला मांडला. सासूबाईंना तो त्यांच्या सासूबाईंकडून आला.

तेव्हा वाचकहो, वाफ आल्यावर शिट्टी लावा, पहिली झाली की गॅस बारीक करा आणि घड्याळ बघा. भिजवलेल्या तुरीच्या डाळीला पुढे दहा मिनिटं पुष्कळ झाली. घरात कुणी विचारलंच, तर तीन झाल्या म्हणून सांगा.