तळेवाले आप्पा

शहाद्याच्या कुठल्याही नव्या कॉलनीत एखादे तळेवाले आप्पा सापडतातच. नोकरीतून निवृत्त, मुलगा पुण्याला, अंगणात सिमेंटचा हौद आणि हौदात बिघडलेलं कारंजं. मात्र त्याला हौद म्हटलेलं आप्पांना खपत नाही. तळं म्हणायचं. काठावर प्लास्टिकची खुर्ची, खुर्चीत आप्पा, हातात लांब दांड्याची गाळणी, आणि समोर तळाचा ठावठिकाणा लागू न देणारं हिरवंगार पाणी.

आप्पांची प्रतिज्ञा एकच: जे करायचं ते नैसर्गिक. कृषी केंद्रवाल्याने मोरचूद सुचवलं तेव्हा आप्पांनी त्याला गिऱ्हाइकांदेखत झाडलं. मोरचुदातल्या तांब्याने मासे मरू शकतात, त्यामुळे त्यांचं चुकलंही नव्हतं. अडचण एवढीच की आप्पांच्या लेखी शेवाळ निसर्गात मोडत नाही.

"मग काय ते कारखान्यातून आलं?" काकू विचारतात. अशा प्रश्नांना आप्पा उत्तर देत नाहीत.

पहिला उपाय जीवामृताचा. 200 लिटर पाण्यात 10 किलो शेण, वर गोमूत्र, 2 किलो गूळ, 2 किलो बेसन. हे प्रमाण एकरभर शेताचं. आप्पांनी त्यातलं निम्मं हौदात ओतलं. जिवाणू शेवाळ फस्त करतील असा हिशेब होता. शेवाळाला हवं असतं ऊन, नत्र आणि स्फुरद. मे महिन्यात आमच्याकडे ऊन कुणाला मागावं लागत नाही; राहिलेलं दोन्ही आप्पांनी बादलीने पोचवलं. आठवड्याभरात शेवाळाने कारंज्याचं तोंड बुजवलं, आणि बेसनाचा हिशेब काकूंनी वेगळा मागितला.

मग इंग्लंडातल्या बागांचा अभ्यास झाला. तिथे तळ्यात जवाच्या काडाच्या पेंढ्या सोडतात. ऑक्सिजन असलेल्या पाण्यात काड सावकाश कुजतं आणि त्यातून शेवाळाची नवी वाढ रोखणारं काहीतरी सुटतं, असं मानतात. असलेलं शेवाळ त्याने मरत नाही, परिणाम दिसायला आठवडे लागतात आणि दर वेळी दिसतोच असंही नाही. एवढं ऐकून घ्यायला आप्पांना वेळ कुठला? जव मिळेना म्हणून त्यांनी ज्वारीचा कडबा बांधून सोडला. रात्री कुणाची तरी शेळी आली आणि इंग्लंडचा प्रयोग खाऊन गेली.

त्यानंतर आप्पा दर रविवारी पाणी बदलू लागले. ऊस-केळीच्या पट्ट्यातलं बोअरचं पाणी पुष्कळदा खताचा अंश घेऊनच वर येतं, म्हणजे शेवाळाला दर आठवड्याला ताजं ताट. दूध घालायला येणारा पोरगा एकदा फाटकाशी थबकला. "आप्पा, पानीले कसाले धुतस?" त्या दिवसापासून दूधवाला बदलला.

आता मासे. गप्पी मासे डासांच्या अळ्या खातात हे जगजाहीर; पण ते शेवाळही खातील, फक्त अंगात ताकद हवी, असा आप्पांचा सिद्धांत. म्हणून सकाळी कुरमुरे, दुपारी पोळी, संध्याकाळी पुन्हा कुरमुरे. मासे सुटले, त्यांची विष्ठा वाढली, न खाल्लेली पोळी तळाशी कुजली आणि शेवाळाचं आणखी फावलं. शेवाळाने नैवेद्य मागितला असता तर याहून वेगळं काय मागितलं असतं?

याच सुमारास आप्पा तोरणमाळला गेले. यशवंत तलाव पाहून भारावले. एवढा मोठा तलाव, आणि कुणी गाळणी घेऊन बसलेलं नाही! यातून त्यांनी घेतलेला बोध असा की पाण्यातच गुण आहे. म्हणून विरजण न्यावं तशी त्या पाण्याची बाटली भरून सातपुड्याचा घाट उतरले आणि हौदात रिकामी केली.

काकूंनी या सगळ्यात भाग घेतला नव्हता. त्यांना फक्त अळू हवं होतं. पावसाळ्याच्या तोंडावर त्यांनी अळूच्या चार कुंड्या हौदाच्या उथळ कडेला बुडवल्या, मधोमध कमळाचं घमेलं ठेवलं, कुरमुऱ्यांचा डबा कपाटात घालून किल्ली कमरेला खोचली, आणि जीवामृत तुळशीला वळवलं. कमळाच्या पानांनी निम्मा हौद झाकला, उन्हाची वाट अडली. अळूच्या मुळांनी पाण्यातलं नत्र ओढलं. काकू दर आठवड्याला पानं खुडत गेल्या, तसं ते हौदातून कायमचं बाहेर पडत गेलं. आप्पांचं जीवामृत अखेर तळलेल्या वड्यांच्या रूपाने ताटात आलं. आप्पांनी चार खाल्ल्या.

दसऱ्याला हौदाचा तळ दिसला. आप्पांनी कॉलनीला चहाला बोलावून जाहीर केलं, की नैसर्गिक उपायांना वेळ द्यावा लागतो, आणि तोरणमाळच्या पाण्याचा गुण उशिरा येतो.

ही कीर्ती तळोद्यापर्यंत गेली. तिकडचे एक पपईवाले आले. शेततळ्यातल्या शेवाळाने त्यांच्या ठिबकचा फिल्टर सारखा तुंबत होता. आप्पांनी त्यांना खुर्ची दिली, गाळणी हातात घेतली आणि जीवामृतापासून सुरुवात केली. पाहुण्यांनी इंग्लंडपर्यंत कळ काढली. मग वडीचा तुकडा तोंडात टाकून ते उठले आणि स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन म्हणाले, "काकू, तुम्ही नेमकं काय केलं, तेवढं सांगा."

"ते काय सांगायचं? आधी त्यांची बादली लपवली," काकू म्हणाल्या.