तब्येतीला जपा, परवाना काढा

महाराष्ट्रात दारूबंदी आहे, हे अनेकांना ठाऊक नसतं. कायदा 1949 चा, बंदी पक्की; फक्त परवाना असेल तर बंदी नाही. परवाना कशासाठी, तर 'आरोग्य टिकवण्यासाठी'. म्हणजे शनिवारी संध्याकाळी बारमध्ये दाटीवाटीनं बसलेली ती सगळी मंडळी औषधोपचारासाठी आलेली असतात. सोबत चकल्या आणि खारे दाणे हे पथ्य असावं.

एका दिवसाच्या परवान्याला पाच रुपये, देशीला दोन. गरिबाचं आरोग्य सरकारला स्वस्तात पडतं. हजार रुपये भरले की आजन्म प्रकृतीची काळजी मिटली. परवाना प्रत्यक्ष कुणी काढतो का, हा प्रश्न गैरसोयीचा आहे, म्हणून तो विचारायचा नाही. धाड पडली की मात्र सगळ्यांनाच तो आठवतो.

वयाचंही गणित आहे. अठराव्या वर्षी तुम्ही मतदान करून सरकार पाडू शकता. एकविसाव्या वर्षी लग्न करू शकता, बिअरही पिऊ शकता. व्हिस्कीसाठी मात्र पंचविशी गाठावी लागते, लोकसभेला उभं राहायलाही तेवढीच. दोन्हींना सारखीच परिपक्वता लागते, असा शासनाचा अनुभव असणार.

घरी निमूट दोन पेग घेणारा निवृत्त कारकून परवान्याविना कायद्याने गुन्हेगार. पिऊन फुटपाथवर गाडी घालणाराही गुन्हेगारच, पण खिशात आजन्म परवाना असेल तर निदान त्याच्या तब्येतीबद्दल सरकार निश्चिंत असतं. आणि तिजोरीबद्दलही.