पाच नंबरचे नाना

तुटकी वस्तू हातात आली की नाना आधी ती उलटी करतात. बुडाशी त्रिकोण असतो, त्रिकोणात आकडा. तो वाचून चष्मा कपाळावर ढकलतात आणि जड आवाजात म्हणतात, "पाच." बादली घेऊन आलेल्या वहिनींचा चेहरा उतरतो. नेमकं काय झालंय ते कळत नाही, पण काहीतरी गंभीर आहे एवढं समजतं.

५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. त्यावर पाणीसुद्धा धड पसरत नाही, मग गोंद काय पसरणार? २ आणि ४ हे पॉलिथिनवाले त्याच नाठाळ कुळातले. "याला गोंद नाही वहिनी, याला ताप लागतो," म्हणून नाना सोल्डरिंगची कांडी तापवतात. मग वास चौथ्या मजल्यापर्यंत.

त्यांचा खरा राग मात्र आधी घरी फेव्हिक्विक ओतून मग आलेल्यांवर. "अहो, तो हवेतल्या ओलाव्यावर धरतो. जाड थर दिलात तर ओल आत पोचणार कशी?" पाठोपाठ हॅरी कूव्हर येतो. १९४२ साली कोडॅकमध्ये हा गृहस्थ बंदुकीच्या नेमासाठी पारदर्शक प्लास्टिक शोधत होता. फेव्हिक्विकच्या जातीचं रसायन हाती आलं, पण ते दिसेल त्याला चिकटायला लागलं, म्हणून त्याने ते बाजूला टाकलं. "तो चिकटतंय म्हणून वैतागला, तुम्ही चिकटत नाही म्हणून!" या वाक्यावर हसावं लागतं. नाहीतर बादली परत मिळत नाही.

पीव्हीसी आलं की नाना खुलतात. प्लंबरचं सोल्युशन लावायचं, दोन्ही कडा विरघळतात, एकमेकींत मिसळतात. "हे चिकटवणं नव्हे, ही सोयरीक!" एरवी अराल्डाइट. आधी पॉलिश पेपरने घासायचं, पुसायचं, मग लग्नपत्रिकेच्या पाठीवर दोन्ही ट्यूबा सारख्या पिळून कालवायच्या आणि रात्रभर वजन ठेवायचं. वजन म्हणजे काकूंचा वरवंटा. त्या घरात चटणी कधी होणार, हे मिक्सरचं झाकण कुणाचं तुटलंय त्यावर ठरतं.

गॅलरीत सुतळीने बांधलेल्या वस्तू महिनोन् महिने पडून असतात. मालकांनी केव्हाच नवीन आणलेल्या असतात. तसं सांगायची कुणाची छाती नाही.

मध्यंतरी नानांची स्वतःचीच कवळी दुभंगली. कवळी अ‍ॅक्रिलिकची, म्हणजे चिकटवायला गुणी जात. नानांनी पेपर घासायला घेतलाच होता; काकूंनी कवळी रुमालात गुंडाळली आणि कवळीसकट नानांना दंतवैद्याकडे नेलं. तिथे नाना बराच वेळ काहीतरी विचारत होते. दात नसल्यामुळे डॉक्टरांना काही उमगेना. शेवटी काकूंनीच कंटाळून सांगितलं, "ते विचारतायत, तुम्ही मोनोमर कुठला वापरता."