अंगण वाकडं, उंदीर सरळ

आमच्याकडं उंदराची तक्रार नवी नाही. ज्वारीचं पोतं जिथं, तिथं तो असणारच. पण आजवरच्या साऱ्या तक्रारी तो पळतो म्हणून होत्या. गेल्या रविवारी पहिल्यांदाच तक्रार आली ती नीट पळत नाही म्हणून.

तक्रारदार आमचा भाचा. शिक्षण पदवीपर्यंत, धंदा भरतीच्या जाहिरातीची वाट बघणे आणि रात्री अकरानंतर कॉम्प्युटरवर गोळीबार. म्हणाला, "मामा, माऊस सटकायलाय बगा. फ्लिक मारला की माझा माणूस आभाळाकडंच बघायलाय."

फ्लिक म्हणजे काय ते त्यानंच समजावलं. शत्रू कोपऱ्यातून डोकावला की एका झटक्यात नेम त्याच्या कपाळावर न्यायचा. झटक्यात माऊस भरकटला की नेम ढगात. आभाळाकडं डोळे लावून बसणं हा आमच्या तालुक्याचा पिढीजात छंद आहे, पण तो समोरचा गोळ्या झाडत असताना करायचा नसतो.

उपायही त्यानं शोधून ठेवला होता. नवा माऊस, सव्वीस हजार डीपीआयचा. "खेळण्यापायी एवढे पैसे?" असं विचारलं तर त्यानं कायदाच पुढं केला. म्हणे, ऑगस्ट 2025 च्या कायद्यानं ई-स्पोर्ट्स हा रीतसर खेळ झालाय, बंदी फक्त पैसे लावायच्या गेमवर. आपल्या रानाचा गट नंबर विचारला तर या पोराला सांगता येत नाही, पण संसदेचा कायदा तोंडपाठ.

'नाचता येईना अंगण वाकडं' ही म्हण जिभेवर आलीच होती. तरी म्हटलं, आधी आरोपीची चौकशी करावी. माऊस उताणा केला.

आरोपीचं घराणं जुनं. 1964 साली अमेरिकेत डग्लस एंगेलबार्टच्या कल्पनेवरून बिल इंग्लिशनं पहिला माऊस घडवला. लाकडी ठोकळा आणि खाली दोन चाकं. 9 डिसेंबर 1968 रोजी सॅन फ्रान्सिस्कोत तो जगापुढं आला. पुढं चाकं जाऊन पोटात गोळी आली. ती बाहेर काढायची आणि आतला मळ नखानं खरवडायचा, हे आमच्या काळच्या कॉम्प्युटर क्लासातलं पहिलं प्रात्यक्षिक. कित्येकांचं तेवढंच पक्कं झालं.

आता पोटात गोळी नाही, डोळा आहे. हा डोळा खालच्या जमिनीचे सेकंदाला हजारो फोटो काढतो. एका फोटोतले बारीक ठिपके पुढच्या फोटोत किती सरकले, यावरून हात किती सरकला ते ठरवतो. हात इतक्या जोरात मारला की दोन फोटोंत ओळखीचं काही उरलंच नाही, तर डोळा भांबावतो आणि येईल ती दिशा ठोकून देतो.

म्हणजे भाच्याची तक्रार तत्त्वतः खरी. वीसेक वर्षांपूर्वी स्वस्त माऊसात एडीएनएस-2610 नावाची चिप असायची. फोटो 18 गुणिले 18 ठिपक्यांचा, सेकंदाला 1500 फोटो आणि झेपणारा वेग सेकंदाला 12 इंच. फूटभर! म्हणजे ताशी जेमतेम 1 किलोमीटर. एवढ्यात पायी दिंडी तिला मागं टाकून पंढरपुरात टेकली असती.

आजच्या महागड्या माऊसातली पीएडब्ल्यू-3395 ही चिप सेकंदाला 650 इंच झेपवते. मी कागदावर गुणाकार केला. ताशी 59 किलोमीटर! मोहोळ ते सोलापूर पस्तीसेक किलोमीटर. हा उंदीर महामार्गावर सोडला तर सावळेश्वरचा टोलनाका ओलांडून पाऊण तासाच्या आत सोलापुरात. एसटीला हे जमलं तर आम्ही ड्रायव्हरचा सत्कार करू. टेबल मात्र दोन फुटांचं. या वेगानं ते सेकंदाच्या चार शतांशांत संपतं आणि पुढं भिंत लागते. भाच्याचा माऊस या दोन टोकांच्या मधला, पण त्याच्या मनगटाला पुरून उरेल इतका.

मग सटकतोय का? मी पोलिसी प्रश्न टाकला. "कधीपासून?"

"शनिवारपासनं."

शनिवारी ताईनं टेबलावरची काच पुसली होती.

इथं गुन्ह्याचा उलगडा झाला. टेबलावर जाड काच, काचेखाली विठ्ठलाचा फोटो, एक जुनी लग्नपत्रिका आणि विमा एजंटानं दिलेलं कॅलेंडर. साधा ऑप्टिकल माऊस स्वच्छ काचेवर आंधळा होतो. ओळख पटवायला त्याला खरखर लागते, डाग लागतात, धूळ लागते. वर्षभर तो काचेवरच्या धुळीला धरून चाचपडत चालला होता. ताईनं ती पुसली आणि त्याचा आधारच गेला. घर स्वच्छ झालं, नेम बिघडला.

आमच्या गावाचंच नाव मोहोळ, म्हणून साक्षीला मधमाश्या काढतो. बंगळूरला शिकून ऑस्ट्रेलियात गेलेले मंड्यम श्रीनिवासन आणि त्यांचे सहकारी यांनी 2000 साली दाखवून दिलं की मधमाशी अंतर मोजते ते डोळ्यांपुढून नक्षी किती सरकली त्यावरून. नक्षीदार अरुंद बोगद्यातून थोडंसंच उडून आलेली माशी पोळ्यावर नाचून सांगते, लई लांबनं आले. त्याच बोगद्यात पट्टे लांबीच्या दिशेनं आखले, तर काही सरकताना दिसतच नाही आणि माशीचा हिशेब कोसळतो. माऊस वेगळं काय करतो? एवढंच की माशी नाचता नाचता खोटं बोलते, माऊस सटकून.

तेव्हा ती म्हण सांभाळून वापरावी. शंभरांत एखाद्या वेळी अंगण खरंच वाकडं असतं.

पण अंगण सारवायला कुणी तयार नाही, सगळ्यांना घुंगरं नवी हवीत. सव्वीस हजार डीपीआय! माऊस इंचभर सरकला की तो किती पावलं मोजतो, एवढाच त्याचा अर्थ. फूटपट्टीवर रेघा दाट मारल्या म्हणून कापड जास्त भरत नाही. कसलेले नेमबाज बहुतेक चारशे ते सोळाशेतच खेळतात. बाकीचे चोवीस हजार चारशे खोक्यावर छापण्यासाठी.

विंडोजमध्ये पॉइंटरची अचूकता वाढवणारी एक खूण असते, आधीपासूनच टिचकी मारलेली. ती असली की हात तेवढाच सरकवा, हळू सरकवला तर बाण थोडा जातो, जोरात सरकवला तर जास्त. नाव अचूकता, काम लहरीचं. सरकारी योजनांची बारशी करणाऱ्यानंच हेही नाव ठेवलं असावं. बऱ्याच गेम या खुणेला जुमानत नाहीत, तेवढ्या त्या शहाण्या.

गेमिंगचा माऊस सेकंदाला हजार वेळा आपला ठावठिकाणा कळवतो. नवे काही तर आठ हजार वेळा, म्हणजे आठ हजार हर्ट्झ. भाच्याचा पडदा चित्र बदलतो सेकंदाला साठ वेळा आणि खबर मुंबईच्या सर्व्हरपर्यंत पोचायला कित्येक मिलीसेकंद खाते. म्हणजे हरकाऱ्याला घोडा अरबी आणि वेशीचा दरवाजा बंद.

आणखी एक गोष्ट चौकशीत कळली. माऊस जमिनीपासून एक-दोन मिलिमीटर वर उचलला की त्याला जमीन दिसेनाशी होते. तो हवेत कितीही फिरवा, खाली काही हलत नाही. या दोन मिलिमीटरसाठी कंपन्यांनी केवढं डोकं लावलंय! आमच्या तालुक्यात माणसाला एकदा उचलून खुर्चीत बसवलं की हेच होतं, आणि ते विनामूल्य.

असो. नव्या माऊसचे पैसे मी दिले नाहीत, अंगण दिलं. कपाटातली जुनी सोलापुरी चादर काढली, चार घड्या घातल्या, काचेवर अंथरली. नक्षी, धागे, लव, डोळ्याला हवं ते सगळं तिच्यात. भाच्यानं नाक मुरडत हात टाकला. माऊस सरळ गेला. झटका मारला, तरी सरळ. बाण जिथं न्यायचा तिथंच थांबला.

"बघ. सटकतोय का?"

"नाही ओ, एकदम बरोबर चाललाय."

रात्री सव्वाअकराला पहिला सामना सुरू झाला. मी मागं उभा. कोपऱ्यातून शत्रू डोकावला. भाच्यानं फ्लिक मारला. नेम आभाळात गेला नाही, शत्रूच्या शेजारच्या भिंतीवर गेला, अगदी अचूक. पुढच्या क्षणी भाचा आडवा.

मी काही बोललो नाही. म्हण पुन्हा जिभेवर आली होती, ती गिळली.

भाचा पडद्याकडं बघतच म्हणाला, "मामा, समोरच्याकडं आठ हजार हर्ट्झचा असणार."