पहिल्या पालकसभेची मीमांसा

नव्याने रुजू झालेल्या मुख्याध्यापकांनी पालकांपुढे केलेले पहिले भाषण हा मराठी वक्तृत्वाचा एक स्वतंत्र प्रकार असून, दरवर्षी पावसाच्या तोंडावर तो शाळाशाळांतून सादर होत असला, आणि त्याची घडण कीर्तनाइतकीच ठरलेली असली, तरी समीक्षकांनी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलेले नाही. पूर्वरंगात वक्ता स्वतःच्या पदव्या, सेवेची वर्षे आणि आधीच्या शाळेला आपण लावलेली शिस्त यांचे निरूपण करतो, उत्तररंगात पालकांकडून असलेल्या अपेक्षा येतात, आणि आरतीच्या जागी चहा येतो. पालघर जिल्ह्यातील डहाणू आणि तलासरी या तालुक्यांत, विशेषतः सहावी ते आठवीच्या, म्हणजे ज्यांना शासन उच्च प्राथमिक म्हणते त्या वर्गांच्या शाळांत, या प्रकाराला जी स्थानिक वळणे पडतात, तेवढ्यांचाच येथे विचार करावयाचा आहे.

अपेक्षांमध्ये अग्रपूजेचा मान हजेरीला असतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने या वर्गांसाठी वर्षाला किमान २२० दिवस आणि १,००० तास अध्यापन ठरवून दिले आहे, आणि ते आकडे भाषणात खणखणीत आवाजात येतात. मात्र त्याच कायद्याच्या परिशिष्टात उच्च प्राथमिक वर्गांचा पट, म्हणजे नोंदवलेल्या मुलांची संख्या, १०० च्या वर असेल तर पूर्णवेळ मुख्याध्यापक द्यावा असे जे म्हटले आहे, ते वक्त्याला पाठ असूनही त्याच्या तोंडी येत नाही. त्यामुळे ‘मूल शाळेत धाडा’ या वाक्यातील कळकळ निव्वळ शैक्षणिक मानणे अभ्यासकाला परवडणारे नाही. एकशेएकाव्या मुलाकडे मुख्याध्यापक ज्या डोळ्यांनी पाहतात, त्या डोळ्यांनी पहिल्या शंभरांतल्या कोणाकडेही पाहत नाहीत, आणि ते मूल सर्दीने दोन दिवस आले नाही तर त्याच्या पाड्यावर, म्हणजे आदिवासी वस्तीवर, चौकशीला माणूस जातो.

यानंतर पंचांगाचा प्रश्न येतो. शाळेचे वेळापत्रक जूनपासून सुरू होते, तसे भातशेतीचेही जूनपासूनच सुरू होते. जुलैत आवणी, म्हणजे राबातली रोपे उपटून चिखलात लावण्याचे काम, निघाले की सातवीतली मुलगी एकतर स्वतः आवणीला जाते किंवा घरी धाकटे भावंड सांभाळते, आणि दोन्हीपैकी काहीही केले तरी हजेरीपटावर गैरहजरच लागते. किनाऱ्यावर याच्या उलट: १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असल्यामुळे मांगेला मच्छीमारांच्या होड्या ओढून ठेवलेल्या असतात, तेथील बाप्ये मंडळी जूनच्या सभेला हौसेने येतात, आणि ऑगस्टच्या सभेला दर्यावर असतात. दिवाळीनंतर कित्येक कुटुंबे बिऱ्हाड पाठीवर घेऊन वीटभट्ट्यांवर जातात, तेव्हा ‘सर्वांच्या सोयीचा शनिवार’ या शब्दप्रयोगातील सर्व म्हणजे नेमके कोण, हा प्रश्न उरतोच. इतिवृत्तात तो नोंदवला जात नाही.

तिसरे वळण भाषेचे. मुख्याध्यापक घाटावरून आलेले असले, की त्यांचे मराठी प्रशिक्षणवर्गांत मुरलेले असते. ‘अध्ययन निष्पत्ती’, म्हणजे धडा संपल्यावर मुलाला खरोखर काय येऊ लागले ते, ‘भागधारक’, ‘सर्वंकष मूल्यमापन’ असे शब्द चाळीस मिनिटे बरसतात, आणि समोर भिंतीला टेकून बसलेल्या वारली आया पदराचे टोक चावत शांतपणे पंख्याकडे पाहत राहतात. शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष, जे कायद्यानुसार पालकच असतात (या समितीत पाऊण हिस्सा पालकांचा आणि निम्म्या बायका असाव्या लागतात), मग उठतात, घसा साफ करतात आणि सबंध भाषण वारलीत सांगतात. त्याचा मराठी आशय एवढाच भरतो, की पोर रोज धाडा, दुपारचे जेवण मिळेल, मारणार नाहीत. चाळीस मिनिटांचा मजकूर चार सेकंदांत उरकलेला पाहून मुख्याध्यापकांचा चेहरा पडतो. तथापि हजेरी, १५० ग्रॅम धान्याचा पोषण आहार आणि शारीरिक शिक्षेवरील बंदी या सरकारी नियमांतील तीन ठळक गोष्टी त्या वाक्यात बिनचूक आलेल्या असल्याने, भाषांतर म्हणून ते मुळापेक्षा सरस ठरते.

प्रश्नोत्तरांच्या वेळी सहसा कोणी बोलत नाही, आणि जी एखादी आजी बोलते ती एकच विचारते, की गुरुजी राहणार कुठे. येथे ‘मुख्यालयी राहणे’ ही संज्ञा समजून घ्यावी लागते: शिक्षकाने शाळेच्या गावीच मुक्काम करावा, असा तिचा अर्थ असून, २०१३ साली मुंबईची लोकल डहाणू रोडपर्यंत आल्यापासून तिचा दुसरा अर्थ ‘अप-डाऊन’ असा झाला आहे. पालकांकडून वक्तशीरपणाची अपेक्षा करणारे मुख्याध्यापक या प्रश्नावर घड्याळाकडे पाहतात, कारण परतीच्या गाडीची वेळ झालेली असते.

या भूमीवर असे भाषण करणाऱ्याची आणखी एक अडचण आहे. १९४५ मध्ये डहाणू तालुक्यातल्याच बोर्डीला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बालशिक्षणाचे काम सुरू केले तेव्हा आदिवासी पाड्यांवरची मुले शाळेच्या इमारतीकडे फिरकेनात. त्यावर त्यांनी पालकांना अपेक्षा ऐकवल्या नाहीत, तर शाळाच उचलून पाड्याच्या अंगणात नेली, आणि जी मुले गुरांमागे जात त्यांच्यासाठी ती कुरणात नेली. अंगणवाडी आणि कुरणशाळा हे शब्द त्या पायपिटीतून आले. १९५७ मध्ये हे काम कोसबादच्या टेकडीवर गेले, आणि अंगणवाडी हा शब्द पुढे १९७५ च्या एकात्मिक बालविकास योजनेतून देशभर गेला. तेथून काही कोसांवर हार घालून घेऊन पालकांना शिस्त सांगणे, म्हणजे देहूत जाऊन अभंग कसा रचावा हे शिकवणे होय.

सभेच्या शेवटी ठराव होतात. पुढील सभा आवणी उरकल्यावर, सायंकाळी, पाड्यावरील अंगणात घ्यावी, ओढ्याला पाणी असल्यास मुख्याध्यापकांनी चप्पल हातात घेऊन यावे, आणि भाषण थोडक्यात करावे, असे ठरले तर ते लिहिण्याचे काम समितीच्या सदस्य सचिवाकडे असते. सदस्य सचिव कायम मुख्याध्यापकच असतात.