थंडीचं बिऱ्हाड

घरदार सोडून चार दिवस रानात राहावं ही इच्छा मुळात संन्याशाची. मेलबर्नच्या उपनगरांत मात्र नोव्हेंबर लागला, ऊन तापू लागलं, की ती गृहस्थांनाच जास्त होते; आणि दारात उभ्या असलेल्या कॅम्पिंग ट्रेलरपाशी पहिली चर्चा सुरू होते ती फ्रीज कुठे बसवायचा याची. नदी कुठली, तंबू कुठे ठोकायचा, चांदणं असेल का, हे सगळं नंतर. आमच्याकडे आला तो चाळीस लिटरचा, वरून झाकण उघडणारा. गार हवा जड असते, ती तळाशीच बसून राहते, म्हणून झाकण उघडलं तरी फारशी सांडत नाही; हे शहाणपण आमच्या स्वयंपाकघरातल्या उभ्या फ्रीजला कधी सुचलं नाही. पण या पाहुण्याचा थाट खालसा झालेल्या संस्थानिकासारखा होता. राज्य चाळीस लिटरचं, मानपान पूर्वीचेच.

झाकण वर उघडतं म्हणून बसायला सरकती फळी हवी. कच्च्या रस्त्यावर आदळआपट होते म्हणून चारी बाजूंनी पट्टे हवेत. आतली ऊब बाहेर टाकायची असते म्हणून जाळीपाशी वारा खेळता हवा. कोंडलं तर स्वतःच्याच उसाशांनी बेजार होतो. सगळ्यांत नाजूक प्रकरण वायरीचं. घरात २३० व्होल्टला बारीक वायर चालून जाते. इथे मुळात १२, त्यातला अर्धा-पाऊण वाटेतच गळाला तर फ्रीजला वाटतं बॅटरी उतरली, आणि तो भलेपणाने स्वतःच बंद होतो. म्हणून वायर चांगली जाड, बॅटरीच्या अगदी शेजारी फ्यूज, आणि गाडी व ट्रेलर यांच्यामध्ये तो राखाडी, बोजड अँडरसन प्लग. बॅटरीवर शंभर अँपिअर-तास छापलेले असतात, पण ती शिशाची असेल तर त्यातले पन्नासच वापरावेत. उरलेले तिच्या दीर्घायुष्यासाठी राखून ठेवायचे. एवढं सगळं करून बटण दाबलं, हळू गुणगुण सुरू झाली, निळा आकडा सव्वीसवरून उतरत उतरत चारवर येऊन थांबला, आणि आम्ही सगळे उगाचच कुजबुजत बोलू लागलो.

थंडीला प्रवास मानवत नाही, हे दुखणं या मुलखात जुनं आहे. इथून तासाभराच्या जिलाँगला जेम्स हॅरिसन नावाचा स्कॉटिश संपादक होता. छापखान्यातले खिळे ईथरने धुताना ते गार पडतात हे त्याच्या लक्षात आलं म्हणतात. अग्रलेख लिहायचे सोडून त्याने १८५०च्या दशकात बारवन नदीकाठी बर्फाचं यंत्र उभं केलं. १८७३मध्ये गोठवलेलं मांस महिनोन्‌महिने टिकवून दाखवल्याबद्दल मेलबर्नच्या प्रदर्शनात त्याला सुवर्णपदक मिळालं. त्याच वर्षी ‘नॉरफोक’ जहाजातून तसंच मांस त्याने लंडनला धाडलं, ते वाटेतच नासलं, आणि बिचारा कफल्लक झाला. जमिनीवर पदक, समुद्रावर दिवाळं.

आई तेव्हा साताऱ्याहून आमच्याकडे राहायला आलेली होती. ही सगळी कहाणी तिने शेंगा सोलत ऐकली. तिच्या माहेरी ओल्या फडक्यात गुंडाळलेला माठ आणि परातीतल्या पाण्यात ठेवलेलं दुधाचं पातेलं, एवढंच शीतगृह होतं. १८९०च्या दशकात पश्चिम ऑस्ट्रेलियात सोनं शोधायला आलेल्या लोकांनीही जाळीच्या कपाटावर ओलं गोणपाट सोडून लोणी वाचवलं. त्याला कूलगार्डी सेफ म्हणत. त्याचा फोटो दाखवला तेव्हा तिला कसलंच नवल वाटलं नाही. “वारा सगळीकडे सारखाच की,” म्हणाली. मला वाटतं, तिच्या पिढीने उकाड्याशी भांडण असं केलंच नाही. दूध टिकत नाही ना, मग त्याच्या प्रत्येक बिघाडाला मानाचं पान मांडायचं: दही, ताक, लोणी, आणि शेवटी काहीही झालं तरी न बिघडणारं तूप.

निघायच्या दिवशी फ्रीजमध्ये पहिली वस्तू तिने ठेवली: विरजणाची स्टीलची डबी. भाज्यांच्या पिशव्या आणि बाटल्या यांच्यामध्ये तिला पक्की पाचर मारून ती कलंडत नाही ना हे दोनदा बघितलं. मी आपला अँपिअरांच्या काळजीत. म्हटलं, “आई, रात्रीत बॅटरी उतरली तर दही आंबट होईल हं.”

“होऊ दे की. कढी करू,” ती म्हणाली.

हॅरिसनच्या जहाजावर सगळं होतं; असं म्हणणारं कुणी नव्हतं.